होडीजवळून आलेलं उत्तर

त्या दिवशी साडेआठला आमच्या गल्लीतली वीज गेली आणि पाच-दहा मिनिटांत सगळी तरुण मंडळी जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. मी लांबच्या गावी शिकून नुकताच परतलो होतो, आणि वीज का जाते, कुणाला जाब विचारायला हवा, यावर तावातावानं बोलत होतो. सगळ्यात वरच्या पायरीवर लाइनमन मामा बसले होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात घालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, तर म्हणाले, "विझव ती. डोळ्यांत जाते." मग मामा आपणहून सांगायला लागले. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं, तो माझ्या हाताखाली वायरिंग शिकला. त्याला घरात सगळे थोरला म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याचा भाऊ धाकटा. दोघांनी मिळून धंदा काढला. लग्नाचे मांडव, दुकानांची उद्घाटनं, आणि वर्षअखेरच्या सुट्ट्यांत तळ्याकाठच्या बागेत दिव्यांचं प्रदर्शन लागतं ना, ते सगळं हेच दोघं करायचे. दिव्यांची हरणं, दिव्यांच्या छत्र्या, दिव्यांचा बोगदा. गाव लोटायचं बघायला.

तर गेल्या डिसेंबरातली एकोणतीस तारीख. सोमवार. दुपारी थोरल्याला बागेच्या रखवालदाराचा फोन आला की तुमची बांबूची शिडी वर्षभर माझ्या खोलीत पाय पसरून झोपली आहे, मी मात्र खुर्चीत बसून झोपतो, तेव्हा एकदाची घेऊन जा. थोरला म्हणाला, संध्याकाळी येतो. एवढंच काम होतं. शिडी आणायची.

ती शिडी तिथं वर्षभर का पडून होती, ते आधी सांगायला हवं.

थोरल्याची एकुलती एक मुलगी आहे. आता सातेक वर्षांची असेल. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्याचा सगळा जीव हिच्यात. तिला तो साहेब म्हणायचा. रात्री निजताना बटणाशी उभा राहून विचारायचा, "साहेब, बंद करू का?" ती पांघरुणातून हुकूम द्यायची, "कर." मगच दिवा जायचा. कधी ती मुद्दाम गप्प बसायची, तर हा आपला दहा-दहा मिनिटं बटणावर बोट ठेवून उभा. वहिनी कावायची. म्हणायची, तुमच्या साहेबांना सकाळी शाळा आहे.

हा खेळ त्यांच्या कामातूनच आलेला होता. माळ जोडताना एकजण शिडीवर असतो आणि दुसरा लांब, खटक्यांच्या पॅनलपाशी. एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून पॅनलवरच्यानं ओरडून विचारायचं, "देऊ का?" आणि शिडीवरच्यानं सांगायचं, "दे." मी माझ्या पोरांना घोकून घेतलं होतं की तीनदा विचारायचं, आणि तीनदा उत्तर आलं तरच खटका वर करायचा. थोरला तो नियम पाळायचा. त्याच्या उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला नखं नाहीत. शिकत असतानाच भाजली होती, माझ्यासमोर. तेव्हापासून तो जपूनच काम करायचा.

नखं नसली की काय होतं ठाऊक आहे? टेपचं टोक सापडत नाही. जोडावर चिकटवलेली टेप सोडवायची म्हटली की हा चाचपत बसायचा. म्हणून धाकटा काय करायचा, टेप दातानं तोडून गुंडाळली की शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवायचा, उंचावलेल्या कानासारखं. टेपही पिवळीच वापरायचा, अंधारात दिसावी म्हणून. बाकीचे वायरमन हसायचे. हा म्हणायचा, "दादाला नखं नाहीत, म्हणून मी टेपला कान देतो."

आदल्या वर्षीची गोष्ट. प्रदर्शन उघडायला तीन दिवस होते. धाकट्यानं त्या वर्षी लोखंडी सळ्यांची एक मोठी होडी केली होती, दोन पुरुष उंच, शिडाची. साहेबांनी वहीत काढून दिली होती तशी. संध्याकाळ झाली होती. वहिनी डबा घेऊन आली, मुलगीही बरोबर होती. वहिनी फाटकाशी रखवालदाराशी बोलत थांबली आणि मुलगी आपली होडी बघायला पुढं पळाली. धाकटा शिडीवर होता, शिडाच्या टोकाशी जोड देत होता.

(इथं मी मध्येच विचारलं की हातमोजे नव्हते का. मामा म्हणाले, "होते. खिशात होते. बारीक तार पिळताना बोटांना कळावी लागते, म्हणून काढतात. सगळेच काढतात.")

थोरला कुंपणाच्या झुडपांमागं पॅनलशी होता. उशीर झाला होता, भूक लागली होती. त्यानं विचारलं, "देऊ का?"

उत्तर आलं, "दे."

त्यानं दिला.

एकदाच विचारलं होतं त्यानं. आणि उत्तर धाकट्याचं नव्हतं. होडीखाली उभी राहून मुलगी म्हणाली होती. काका म्हणतो तसं, तोंडाला हात लावून, मोठ्यानं.

त्यानं ते ओळखलं होतं रे. हेच तर आहे. बापाला लेकीचा आवाज कळत नाही होय? पण हात वर गेलेला होता. वर्षानुवर्षांची सवय, 'दे' ऐकलं की हात वर. कान मागाहून पोचले.

धाकटा जागीच गेला. चौकशी झाली. थोरल्यानं सगळ्यांना एकच सांगितलं, की धाकटा स्वतःच 'दे' म्हणाला. बायकोलाही तेच सांगितलं. पोरीवर डाग नको म्हणून. पण तो हे सांगत होता तेव्हा पोरगी त्याच्याच पायाशी उभी होती. तिला माहीत होतं कोण म्हणालं होतं ते.

त्या दिवसापासून तिनं काही मागणंच सोडलं. पाणी दे नाही, वही दे नाही, काही नाही. तहान लागली की स्वतः स्टूल ओढून घ्यायची. बाकी बोलायची, शाळेत जायची. पण कुणाचा हात बटणाकडे गेला की कान झाकायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. बापलेकीत या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नाही. वर्षभर. त्याला वाटायचं, काढलं तर तिला लागेल. तिला काय वाटायचं, ते कोण सांगणार?

थोरल्यानं रोषणाईचं काम सोडून दिलं, शिडीही बागेतच राहिली. मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात लागला. प्रदर्शन दुसऱ्या कुणी घेतलं. सांगाडे तेच होते, होडीही तीच.

तर त्या सोमवारी शिडी आणायला निघाला, तेव्हा बायको म्हणाली, आम्हीही येतो. आयुष्यभर लोकांना दिवे दाखवलेत, एकदा आम्हाला पण दाखवा. तो नाही म्हणणार होता. मग त्याच्या मनात आलं की तिथंच, होडीपाशी उभं राहून, पोरीला सांगून टाकावं. की बाळा, तुझं काही चुकलं नाही. मी तीनदा विचारायला हवं होतं, एकदाच विचारलं. एवढी दोन वाक्यं. त्याच्यासाठी तो गेला.

साडेसातला तिघं आत शिरले. थंडी होती. गर्दी बेताची. लोक हरणांपाशी फोटो काढत होते, कुणाचं तरी लहान मूल बोगद्यातून बाहेर यायला तयार नव्हतं. आणि हे बापलेक खाली मान घालून चाललेले. दोघांचीही नजर जमिनीवरच्या वायरींवर. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं दिवे सोडून वायरीच बघताय. तिकिटं उगाच काढली." थोरला हसला. पुष्कळ दिवसांनी हसला असेल. पण त्याचं लक्ष जोडांवरच होतं. सगळीकडे काळी टेप, घाईत गुंडाळलेली.

छत्र्यांपाशी बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला. ती बाकावर बसली आणि म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी पिन लावून येते. म्हणून होडीपाशी दोघंच पोचले.

निळे दिवे होते. शिडावर पांढरे. पोरगी कठड्याशी थांबली. मग त्याखालून वाकून आत गेली आणि होडीच्या कडेच्या सळीला तिनं हात लावला. तिच्यासाठी केलेली होडी होती ती. तिनं तिला कधी हातच लावला नव्हता.

थोरला मागं उभा. दोन वाक्यं. जिभेवर होती. त्यानं उगाच मोबाइल काढून वेळ बघितली. आठ बावन्न.

आणि सगळी बाग विझली.

हरणं, छत्र्या, बोगदा… सगळं. लोक आधी हसले. मग बॅटऱ्या लागल्या, आयांनी मुलांना हाका मारल्या. रखवालदाराची शिट्टी वाजली आणि गर्दी फाटकाकडे सरकली. बॅटऱ्या लांब गेल्या. होडीपाशी अंधार राहिला. थोरला म्हणाला, "बाळा, हात दे." पोरगी जागची हलली नाही. तिला तो दिसतही नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात झुडपांमागून कुणीतरी ओरडलं.

"देऊ का?"

नव्या लोकांचा माणूस होता, पॅनलशी. सगळे वायरमन तसंच विचारतात.

थोरला झुडपांकडे वळला. जागा तीच. झुडपं तीच. आणि पोरगी होडीखाली. त्याला ओरडायचं होतं, नको म्हणून. तोंड उघडलं. आवाज फुटेना.

उत्तर द्यायला ज्यानं तिथं थांबायचं, तो फाटकावर गर्दी आवरायला गेला होता.

"देऊ का?" दुसऱ्यांदा.

लांब फाटकावर शिट्टी वाजत होती.

आणि मग वरून, शिडाच्या टोकाकडून, सावकाश,

"थांब."

त्यानं वर बघितलं. काही दिसलं नाही. तारे होते. शिडाचा काळा त्रिकोण होता. आवाज मात्र घरातला होता. रोज जेवताना शेजारी बसणारा.

"साहेब, हात काढा."

पोरीनं सळीवरचा हात काढला असणार. तिच्या बांगडीचा लोखंडावर बारीक आवाज झाला.

मग वर टर्र… असा आवाज आला. टेप ओढल्याचा. थांबला. पुन्हा टर्र… मग दातानं तोडल्याचा.

थोरला नंतर म्हणाला, मामा, मी ते ऐकत उभा राहिलो. भीती वाटली नाही. वाटलं, त्याचं काम होऊ दे. संपू नये ते काम.

मग वरूनच,

"आता सांगा, साहेब."

अंधार.

"देऊ का?" तिसऱ्यांदा.

पोरगी रडत नव्हती. थोरल्याला तिचा श्वास आत गेल्याचं ऐकू आलं. आणि ती म्हणाली. तोंडाला हात लावून, मोठ्यानं, काका म्हणतो तसं.

"दे."

लख्ख झालं. हरणं, छत्र्या, बोगदा, होडी. सगळी बाग. फाटकाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिडावर कुणी नव्हतं. पोरगी होडीपासून चार पावलं लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागं धरून. काम चालू असताना उभं राहायचं तसं. धाकट्यानंच शिकवलं होतं तिला.

छत्र्यांकडून बायको धावत आली. एका पायात चप्पल, दुसरी हातात. आधीचं तिनं काहीच ऐकलं नव्हतं. तो एकच शब्द ऐकला होता. वर्षभरात पहिल्यांदा पोरीनं काहीतरी मागितलं, एवढंच तिला कळलं. ती खाली बसली, पोरीचे दोन्ही खांदे धरले आणि विचारत राहिली, "काय देऊ? बाळा, काय देऊ तुला? सांग ना, काय देऊ?"

पोरगी म्हणाली, "पाणी दे."

(मामा इथं थांबले. गल्लीत अजून अंधार होता. खालच्या पायरीवर कुणीतरी नाक ओढलं.)

थोरला त्या दोघींजवळ गेला नाही. तो होडीपाशी उभा राहिला. वर बघून हळूच म्हणाला, "धाकट्या." उत्तर नाही. पुन्हा म्हणाला. मग, काय सुचलं त्याला, त्यानं विचारलं, "देऊ का?" तीनदा विचारलं. त्या संध्याकाळी विचारायला हवं होतं तसं, मध्ये थांबत थांबत.

काही नाही.

पॅनलवरचा माणूस झुडपांमागून आला. म्हणाला, बरं झालं तुमच्या माणसानं थांब म्हटलं, मी दुसऱ्यांदा विचारून देणारच होतो. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "कुठं गेला तो? इथं शिडी लावली होती ना आत्ता? झुडपांतून दिसली मला, आभाळावर काळी. बांबूची."

थोरला रखवालदाराकडे गेला. रखवालदारानं कुलूप काढलं. शिडी आत आडवी होती, दोरीनं बांधलेली. तिच्यावर त्याची दुलई वाळत घातली होती. पायऱ्यांवर बोटभर धूळ होती.

घरी येताना शिडी थोरल्याच्या खांद्यावर, आणि मागचं टोक पोरीनं धरलेलं. बायको पुढं चालत होती. रस्त्यात त्यानं ती दोन वाक्यं म्हटली. मागं न बघता म्हटली. मागून चपलांचा आवाज येत होता. मग पोरगी म्हणाली, "बाबा, शिडी खाली घासतेय. उचल." त्यानं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. हे सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी खरं उत्तर कुणी दिलं, तेही तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं. चहा तसाच निवला. मी म्हटलं, अरे, पोरगी सुटली ना यातून? रडतोस कशाला? तर मला म्हणाला, "सुटली, मामा. तो तिच्यासाठीच आला होता. मी वर्षभर त्याची वाट बघतोय. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. काहीही बोलायला हवं होतं. माझ्याशी एक शब्द नाही."

मी त्याचा चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

पोरगी आता नीट आहे. हट्ट करते, मागते, भांडते. फक्त रात्री दिवा बंद करायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे. बटणाशी उभी राहून विचारते, "काका, बंद करू का?" तीनदा विचारते. उत्तर येत नाही. मग ती स्वतःच "कर" म्हणते आणि बंद करते. थोरला बाहेरच्या खोलीत रोज ते ऐकतो.

दोन जानेवारीला प्रदर्शन उतरवलं. त्या पॅनलवरच्या माणसानं मला आणि थोरल्याला बोलावून घेतलं. म्हणाला, एक गोष्ट बघा, आमच्यातल्या कुणाचं काम नाही हे. होडी आडवी केलेली होती. उजेडात बघितलं तर शिडाच्या टोकाशी वायर सळीला घासून सोललेली, आतली तांब्याची तार उघडी पडलेली. सळी तिथं काळी झाली होती. त्या रात्री तिथंच लोखंडाला लागून सगळी बाग विझली असणार. तसाच पुन्हा प्रवाह दिला असता, तर होडीला हात लावणारं कुणी वाचलं नसतं.

पण सोललेल्या जागेवर टेप होती. नवी कोरी. पिवळी.

थोरला गुडघ्यावर बसला. त्यानं आपला तो नखं नसलेला अंगठा टेपवरून फिरवत नेला, शेवटापर्यंत.

टोक दुमडलेलं होतं.